दोन ध्रुवांमधले घर (लेखांक ११) : निर्जळी हरितालिका

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणजे कोण, आणि सज्ञान मुलाने त्या जागी बापाऐवजी मित्राचे नाव घातले तर बापाने रुसावे काय, याचा ऊहापोह या वेळी करण्याचे मी कबूल केले होते. परंतु सोमवारच्या टपालाने आलेल्या एका पत्रामुळे तो विषय आठवडाभर तहकूब ठेवणे भाग आहे. सातारा जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात, की त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी द्विध्रुवी आजारासाठी चार वर्षे लिथियमवर आहे, प्रकृती ठीक, नोकरी नियमित, आणि यंदा तिला मैत्रिणींबरोबर हरितालिका निर्जळी करावयाची आहे. 'नको म्हटले तर तुला माझ्या आजारापलीकडे काही दिसतच नाही म्हणते. हो म्हणायला धीर होत नाही.'

लिथियम हे आपल्या मिठातील सोडियमचे सख्खे भावंड. मूत्रपिंडाचा कारभार जुन्या जकातनाक्यावरील कारकुनासारखा असतो. घराणे एक दिसले की तो माणूस फारसा निरखीत नाही. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले, की 'सोडियम बाहेर जाऊ देऊ नये' असा हुकूम सुटतो आणि त्या हुकुमाच्या अंमलबजावणीत सोडियमबरोबर लिथियमही अडकून पडते. गोळी नेहमीचीच, पण रक्तातील पातळी चढू लागते. ती बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावी आणि १.५ च्या वर गेली की विषबाधेचा प्रदेश सुरू होतो, म्हणजे औषध आणि विष यांच्यामधली गल्ली किती अरुंद आहे ते पाहावे.

या गल्लीचा इतिहास मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने, आधी स्वतः लिथियम घेऊन पाहून, उन्मादाच्या रुग्णांना ते दिले आणि त्यांचा उन्माद शमल्याचे १९४९ साली प्रसिद्ध केले. आणि त्याच वर्षी अमेरिकेत, मीठ वर्ज्य केलेल्या हृदयरोग्यांच्या जेवणात मिठाऐवजी लिथियम क्लोराइड शिंपडले जात असताना त्यांतले काही दगावले आणि तो माल बाजारातून उठवावा लागला. ज्यांचे सोडियम तोडले होते नेमक्या त्यांनाच हे मोजमाप न करता मिळत होते! केडचा पहिला रुग्णही बरा होऊन घरी गेला, गोळ्यांची हयगय झाल्याने परतला आणि पुढल्याच वर्षी याच औषधाच्या बाधेने मरण पावला. रक्तातील पातळी मोजण्याची रीत रुळली ती या मृत्यूंनंतर.

इतके वाचलेला मनुष्य तरी सावध असावा. पण लिथियमवरच असलेल्या माझ्या चिरंजीवाची पाठ धरली तेव्हा मीच माझ्या कपाटातील डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तीन दिवस मोठ्या वत्सलतेने त्याला दिल्या. चौथ्या दिवशी चहाच्या बशीत त्याचा चमचा वाजू लागला. हातांचे बारीक कंपन आमच्या ओळखीचे होते, हे निराळे होते. जीभही जड झाली होती. असल्या वेदनाशामकांनी लिथियम साचते, आणि साधे पॅरासिटामॉल चालले असते, हे डॉक्टरांनी मला त्याच्यादेखत सांगितले, आणि तेव्हापासून आमच्या घरात औषधाच्या बाबतीत प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचा आणि उत्तर देण्याची जबाबदारी माझी, असा उलटा दस्तऐवज झाला आहे.

तेव्हा भगिनींनो, मनाई करू नका. हिशेब तिच्यापुढे मांडा. उपवासाला हरकत नाही, हरकत आहे ती निर्जळीला आणि अळणीला. फराळात सैंधव चालते, आणि सैंधव म्हणजेही सोडियमच. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे धर्मनिबंधकार मानतात, त्यांत पाणी आणि औषध ही दोन्ही आहेत, तेव्हा पाणी पिऊन केलेल्या हरितालिकेला कोणी नाक मुरडले तर त्याला खुशाल शास्त्र दाखवावे. आणखी एक : घरात तुमच्या यजमानांच्या रक्तदाबासाठी सर्वांचेच मीठ एकाएकी कमी केले असेल, तर ते मुलीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, किंवा तिनेच घालावे हे उत्तम. ओकाऱ्या, जुलाब, झोकांड्या, जड जीभ, यांपैकी काही दिसले तर पुढली गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावयाचे असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यावर. हरितालिकेला अजून तीन आठवडे आहेत. मुलीनेच डॉक्टरांना विचारावे, तुम्ही हवे तर बरोबर जावे, आणि काय ठरले ते मला कळवावे.