न फाडलेली तिकीट-शीट

टपाल तिकिटे एका मोठ्या कागदावर ओळीने छापतात. न फाडलेला तो कागद म्हणजे पूर्ण शीट.

• १८५४ साली कोलकात्यात छापलेल्या अर्ध्या आण्याच्या तिकिटांना छिद्रे नव्हती. ती कात्रीने कापावी लागत. अखंड शीट आज दुर्मीळ.

• पुढे छपाई लंडनच्या दे ला रू कंपनीकडे गेली. नंतर तिकिटे छापू लागलेले नाशिक रोडचे सरकारी मुद्रणालय १९२५चे.

• मिनिएचर शीट वेगळी : संग्राहकांसाठी मुद्दाम काढलेली छोटी शीट. भारतात १९७३पासून.

• कडेची कोरी पट्टी आणि तिच्यावरच्या छपाईच्या खुणा जपाव्यात.

• नागपुरात संग्राहकांसाठी तिकिटे विकणारा टपाल खात्याचा फिलाटेलिक ब्युरो : जीपीओ, सिव्हिल लाइन्स.