एंजिनाच्या पाण्याची परीक्षा

वैशाखातील नांगरट व सोयाबीनची मळणी ही दोन कामे ट्रॅक्टरच्या एंजिनाची खरी कसोटी पाहणारी होत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत पहिल्या वेळी उष्णतामान चाळीस अंशांवर जाते; दुसऱ्या वेळी यंत्र एकाच जागी तासन् तास चालते व उडणारा भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. एंजिन तापून जाम झाले, म्हणजे दुरुस्तीचा खर्च व कामाचा खोळंबा असे दुहेरी नुकसान होते. यास्तव एंजिन थंड राखणाऱ्या व्यवस्थेची परीक्षा कशी करावी, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीस व जीपगाडीसही हे विवेचन लागू पडते.

इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्यास वाहून न्यावा लागतो. पंप ते पाणी एंजिनाभोवती फिरवितो व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पंख्याच्या वाऱ्याने ते निवते. रेडिएटरचे झाकण आतील दाब धरून ठेवते. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. दाबाखाली मात्र ते शंभर अंशांच्या बरेच वर गेल्यावाचून उकळत नाही. म्हणून झाकणाचे रबर फाटले असता पाणी लवकर उकळते. याच कारणास्तव तापलेल्या एंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात.

पहिली परीक्षा सकाळी, एंजिन थंड असता करावी. पाण्याची पातळी पाहावी. ती वारंवार उतरत असेल, तर गळती कोठे तरी आहेच. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. भेगाळलेली वा लिबलिबीत झालेली नळी बदलावी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबता साधारण अर्धा इंच लवावा. अधिक लवल्यास तो सैल समजावा. जाळीतील भुसा पंख्याच्या बाजूकडून बाहेर, म्हणजे आला त्याच वाटेने, हवेने उडवून काढावा.

दुसरी परीक्षा एंजिन चालू करून करावी. मात्र हात व कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत. वरची नळी आरंभी थंड राहून काही मिनिटांनी एकाएकी गरम झाली, तर थर्मोस्टॅट ठीक आहे. काटा चढत असूनही ती थंडच राहिली, तर तो अडकला असावा. रेडिएटरात सतत बुडबुडे दिसणे किंवा तेल दुधाळ होणे हे हेड गॅस्केट फुटल्याचे लक्षण होय. अशा वेळी एंजिन बंद करून कुशल मेस्त्रीस दाखवावे.

आता मुख्य मुद्दा पाण्याचा. आमच्या भागातील विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारांचे असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही व साबणास फेस येत नाही, ते पाणी एंजिनासही वर्ज्य मानावे. त्यातील क्षारांचे पुट नळ्यांत बसते, मार्ग अरुंद होतो व पातळी पूर्ण असूनही एंजिन तापते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात कूलंट मिसळून भरणे उत्तम. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत हाती लागेल ते पाणी ओतण्याचा मोह होतो. परंतु ऊर्ध्वपातित पाण्याचा एक डबा आधीच घरी ठेविल्यास तो मोह टळतो.

काम चालू असता काटा तांबड्या खुणेकडे गेला, तर भार काढावा व एंजिन थोडा वेळ संथ चालवावे. काटा न उतरल्यास, किंवा पाणी वाहून गेले असल्यास, ते तत्काळ बंद करून पूर्ण निवू द्यावे. तापल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास ओतीव लोखंडास तडा जातो. ही पाहणी रोज सकाळी पाच मिनिटांत उरकते, व हंगामात तिच्याइतके स्वस्त दुसरे रक्षण नाही, असे आमचे मत आहे.