मूळ थीमला हात न लावता स्वतःची थीम : चाइल्ड थीम समजून घेऊ

संशोधनाची छोटी वेबसाइट कशी करायची, असं पेट देणारे बरेच जण विचारतात. आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते. तयार थीम घेऊन ती आपल्यासारखी कशी करायची, आणि ते करताना मी जी चूक केली ती तुम्ही कशी टाळायची.

आधी चूक सांगते

माझं काम भूजलाच्या गुणवत्तेवर आहे. आष्टी आणि पाटोदा तालुक्यांतल्या विहिरी-बोअरचे नमुने तपासून निकाल गावकऱ्यांना मोबाइलवर दिसावेत म्हणून वर्डप्रेसवर साइट केली. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणून १.५ च्या वरचा आकडा लाल दिसेल असा कोड लिहिला आणि तो थेट मूळ थीमच्याच फाइलींत घातला. छान चाललं होतं.

काही आठवड्यांनी थीमचा अपडेट आला. बटण दाबलं आणि झोपले. अपडेट म्हणजे जुनं फोल्डर जाऊन त्याच्या जागी नवं फोल्डर. माझा कोड त्यात गेला. आकडे डेटाबेसमध्ये असल्यामुळे शाबूत राहिले, पण लाल रंग गेला. दोन दिवसांनी एका काकांचा फोन आला, "ताई, आपल्या बोअरचं पाणी आता प्याया चांगलं झालं का वो? लाल गेलंय." त्यांच्या बोअरचा आकडा १.५ च्या बराच वर होता आणि तो तसाच होता. बदललं होतं ते फक्त माझं पान.

चाइल्ड थीम म्हणजे काय?

मूळ थीम ही पेरेंट. तिच्या शेजारी आपण एक वेगळं छोटं फोल्डर करतो, ती चाइल्ड. वर्डप्रेस पानाची फाइल आधी चाइल्डमध्ये शोधतं. तिथे नसेल तर पेरेंटमधली वापरतं. म्हणजे जेवढं बदलायचं तेवढंच चाइल्डमध्ये ठेवायचं. पेरेंटचा अपडेट आला की पेरेंटचं फोल्डर बदलतं, आपल्या फोल्डरला कोणी हात लावत नाही.

एका पायावर अनेक साइट उभ्या करण्याची कल्पना आपल्या जवळच दिसते. बीड जिल्ह्याची सरकारी वेबसाइट उघडा, मग लातूर नाहीतर जालन्याची उघडा. मांडणी ओळखीची वाटते. मजकूर, फोटो आणि अधिकाऱ्यांची माहिती मात्र त्या त्या जिल्ह्याची. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) एस३वास नावाचा प्लॅटफॉर्म केला आहे, त्यावर देशभरातल्या जिल्ह्यांच्या साइट चालतात आणि तोही वर्डप्रेसवर उभा आहे. हे तंतोतंत चाइल्ड थीमचं उदाहरण नाही, पण विचार तोच : पाया सामाईक, त्यावरचं आपापलं.

करायचं कसं?

ट्वेंटी ट्वेंटी-वन ही थीम उदाहरणाला घेऊ.

१. थीम्सच्या फोल्डरमध्ये नवं फोल्डर करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता.

२. त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल करा. तिच्या सुरुवातीच्या टिपणीत दोन ओळी हव्यातच : 'थीम नेम' म्हणजे आपल्या थीमचं नाव, आणि 'टेम्प्लेट' म्हणजे पेरेंटच्या फोल्डरचं नाव. इथेच बहुतेक जण अडकतात. टेम्प्लेटमध्ये थीमचं दाखवायचं नाव नाही, फोल्डरचं नाव जसंच्या तसं लिहायचं.

३. फंक्शन्स डॉट पीएचपी करा. बाकीच्या फाइली पेरेंटची जागा घेतात, ही घेत नाही. चाइल्डची आणि पेरेंटची दोन्ही चालतात, चाइल्डची आधी. म्हणून पेरेंटची पूर्ण फाइल इथे कॉपी करू नका. तेच फंक्शन दोनदा आलं की साइट बंद पडू शकते.

४. आपली स्टाइल याच फाइलमधून रांगेत लावा, पेरेंटच्या स्टाइलनंतर. नंतरचा नियम आधीच्यावर मात करतो.

५. एखाद्या पानाची मांडणी बदलायची असेल तरच ती एक फाइल त्याच नावाने चाइल्डमध्ये कॉपी करा. पेरेंटच्या पुढच्या सुधारणा त्या फाइलला मिळत नाहीत. म्हणून कॉपी कमीत कमी, आणि कशाची केली त्याची नोंद ठेवा.

हे सगळं आधी लॅपटॉपवर लोकल सर्व्हरवर करून बघा. पेरेंट डिलीट करू नका, चाइल्ड त्याच्याशिवाय चालत नाही.

मराठीसाठी तीन बदल

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर देवनागरीची शिरोरेघ तुटते. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, मजकुराला १.६ च्या आसपास ठेवा. आणि साइटची भाषा मराठीच निवडा. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट भाषा ओळखून ल आणि श ची मराठी वळणं दाखवतो, नाहीतर हिंदीची येतात.

थीममध्ये काय ठेवायचं नाही?

चाइल्ड थीम केल्यावर माझा लाल रंग सुरक्षित झाला, पण काकांचा प्रश्न सुटला नव्हता. उद्या मी थीमच बदलली तर? कोणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल तर? थीम म्हणजे दिसणं. 'हे पाणी पिऊ नका' हा निष्कर्ष आहे, तो दिसण्याच्या भरवशावर ठेवणं चूकच होतं. आता १.५ ची तुलना वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये आहे आणि आकड्यापुढे शब्दांत लिहून येतं : पिण्यायोग्य नाही. रंग आहे, पण नुसता सोबतीला.

संशोधनातही हेच लागू होतं. मूळ डेटाची फाइल कधी बदलायची नाही, दुरुस्त्या वेगळ्या फाइलमध्ये करायच्या आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. मार्गदर्शक हे पहिल्या महिन्यात सांगतात. मला ते त्या फोननंतर पटलं.

काकांना मी त्याच दिवशी परत फोन करून सांगितलं की पाणी बदललेलं नाही, पिऊ नका. मधले दोन दिवस घरात तेच पाणी प्यायलं गेलं होतं. तुमची साइट कोणी वाचत असेल तर अपडेटचं बटण दाबायच्या आधी एवढं आठवा.