‘आज बंद आहे’ म्हणणारा माणूस

मोखाड्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. चार मित्र, चौघांचे पासपोर्ट नवेकोरे. वर्षभर भिशी लावून पैसे जमवलेत आणि आता बँकॉक-पट्टायाला निघालेत. त्याचा प्रश्न असा, की रील बघावं तर जो तो तिकडे फसवला गेल्याचं सांगतोय, आणि आम्ही तर इंग्रजीत कच्चे, मग आमचं कसं होणार? हा भाग त्या चौघांसाठी. ज्यांच्याकडे ऑडिओला रेंज पुरत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लेखी.

आधी इंग्रजीचं सांगतो. रस्त्यावरची ही फसवणूक चालते ती गप्पांवर. समोरचा बोलत राहतो आणि तुम्ही उत्तरं देत राहता. त्यामुळे इंग्रजी कच्चं असणं ही इथे फार मोठी अडचण नाही. अडचण वेगळीच आहे, तिच्याकडे येतो.

आपल्या जव्हारचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात मुंबई-नाशिकची मंडळी येतात. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट झाला की जय विलास पॅलेसकडे वळतात. समजा, फाटकाच्या अलीकडे एकाने त्यांना थांबवलं. नीटनेटके कपडे, गोड बोलणं. म्हणाला, "राजवाडा आज बंद आहे हो. दुपारी उघडेल. तोवर माझ्या ओळखीचा रिक्षावाला तुम्हाला चार ठिकाणं दाखवेल, पन्नास रुपयांत." पाहुणा काय करेल? बहुतेक जण थँक्यू म्हणून रिक्षात बसतील. तुम्ही-आम्ही बसणार नाही, कारण आपल्याला माहितीय की फाटक समोर आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर नेमकं हेच चालतं, आणि कित्येक वर्षं चालत आलंय. पॅलेस साधारण सकाळी साडेआठला उघडतो, तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत असते. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ. पण भिंतीच्या कडेने चालत असताना एक सभ्य माणूस भेटतो आणि सांगतो की आज बौद्ध सण आहे, पॅलेस एक वाजेपर्यंत बंद. तोवर मोठी बुद्धमूर्ती बघून या, टुकटुकवाला फक्त २० बाथ घेईल. २० बाथ म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. एवढ्यात शहर फिरवून आणणारा माणूस कमावतो कशावर, हा प्रश्न तिथेच पडायला हवा. तो कमावतो दुकानदाराकडून. तुम्हाला दुकानात आणून बसवलं की त्याला कमिशन किंवा पेट्रोलचं कूपन मिळतं.

आता पुढची गंमत. टुकटुक आधी एका छोट्या देवळात नेतो. तिथे "सहज" भेटलेला एक गृहस्थ असतो. तो सांगतो, आज सरकारी योजनेचा शेवटचा दिवस आहे, रत्नांवर कर नाही, मी स्वतः काल घेतली, आमच्या देशात दुप्पट भावाने जातात. मग दुकान. मग कार्ड स्वाइप. खडे बऱ्याचदा खरेच असतात, पण हलके, आणि किंमत कित्येक पट. वर दुकानदार म्हणतो, सोबत कशाला बाळगता, आम्ही घरी पोस्टाने पाठवतो. घरी येऊन दाखवायला जाल तेव्हा कळतं, ती विकत घ्यायला कुणी तयार नाही.

जत्रेत तीन पत्ते उलटे टाकून राणी ओळखायला लावणारा आठवतोय ना? बाजूला उभा राहून एक जण सारखा जिंकत असतो. त्याला बघून आपल्याला वाटतं, सोपं आहे की. तो जिंकणारा त्याच्याच टोळीतला असतो. बँकॉकमधला देवळातला गृहस्थ म्हणजे तो जिंकणारा. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी, असं आपण धरतो. पण ती तीन माणसं वेगवेगळी आहेत, हेच तर नाटक. आपल्या बोहाड्यात सोंग नाचतं, तेव्हा मुखवट्यामागे कोणाचा पोरगा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. परक्या शहरात ते सांगायला कोणी नसतं, एवढाच फरक.

म्हणून मी एकच कसोटी सांगतो. त्या माणसाला तुम्ही निवडलंत, की त्याने तुम्हाला निवडलं? रस्ता चुकलात तर खुशाल विचारा. दुकानातल्या बाईला, शाळेच्या पोराला, सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवर. तुम्ही गर्दीतून निवडलेला माणूस ठग निघण्याची शक्यता फार कमी, बँकॉकचे लोक चांगलेच आहेत. पण जो स्वतः चालत तुमच्याकडे आला, तेही पर्यटनस्थळाच्या दाराशी, त्याचं ऐकायचं आणि पुढे फाटकापर्यंत जायचं. बंद असेल तर फाटक सांगेल.

आता ती खरी अडचण. भीड. आपल्याकडे कोणी हाक मारली आणि आपण न थांबता गेलो तर तो उद्धटपणा होतो. जव्हार-मोखाड्यात तर ओळख नसली तरी "कुठले तुम्ही?" विचारून दोन शब्द बोलतातच. ही चांगली सवय आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण ठगाचं भांडवल तेवढंच असतं. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपले म्हातारेकोतारे उगाच म्हणत नाहीत. लोभी माणूस फसतो असं सगळे सांगतात. मला विचाराल तर लोभ्यापेक्षा भिडस्त जास्त फसतो.

पॅरिसचंच बघा. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर नावाचं चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांवर काही जण हसत हसत तुमच्या मनगटाला रंगीत दोरा गुंडाळायला लागतात. गाठ बसली की पैसे मागतात, आणि गाठ सुटत नाही. आपल्या तीर्थक्षेत्री कपाळाला गंध लावून ताट पुढे करतात, त्याचाच हा विलायती भाऊ. उपाय एवढाच, की हात खिशात घालायचे आणि चालत राहायचं. तिथेच कोणी तुमच्या पायाजवळची सोन्याची अंगठी उचलून "तुमची का?" विचारतो. ती पितळेची असते. तुम्ही नाही म्हणालात तरी तो ती तुम्हालाच देऊन टाकतो आणि मग जेवायला पैसे मागतो. कोणी काही दिलं की परत काहीतरी द्यावंसं वाटतं, त्यावर हा धंदा.

चार्ल्स शोभराज हे नाव ऐकलं असेल. सत्तरच्या दशकात तो बँकॉकमध्ये रत्नांचा व्यापारी म्हणून वावरायचा. परदेशी पर्यटकांशी दोस्ती करायचा, आजारी पडले तर औषधही द्यायचा, आणि ते औषधच त्यांना घात करायचं. त्यांचे पासपोर्ट वापरून तो फिरला. १९८६ मध्ये तिहार तुरुंगातून पळाला तोही वाढदिवसाची मिठाई वाटून. पहारेकऱ्यांना त्यात गुंगीचं औषध दिलं होतं. वाढदिवसाची मिठाई नको कशी म्हणायची? त्याच वर्षी त्याला गोव्यातल्या एका हॉटेलात पकडलं ते आपल्या मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी. एवढा भयंकर माणूस तुम्हाला भेटणार नाही, घाबरू नका. पण अनोळखी माणसाने हातात दिलेला ग्लास घ्यायचा नाही.

पट्टायाला जाताय म्हणून जेट-स्कीवर थोडं जास्त. किनाऱ्यावर भाड्याने घेता, अर्धा तास मजा करता, परत येता तर मालक ओरखडा दाखवतो. तो ओरखडा जुनाच असतो. नुकसानभरपाई हजारो बाथमध्ये सांगतो, आणि तुमचा पासपोर्ट अनामत म्हणून त्याच्या खिशात. मध्ये पडून तडजोड करणारा माणूसही कधी त्यांच्याच ओळखीचा असतो. चौघांची भिशी एका दुपारी जाऊ शकते ती इथे. म्हणून पासपोर्ट अनामत द्यायचाच नाही. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, झेरॉक्स दाखवा. पाण्यात जाण्याआधी गाडीचा खालून-वरून व्हिडिओ काढा, आणि काढताना मालक त्यात दिसू द्या. काढू देत नसेल तर ती जेट-स्की तुमच्यासाठी नाही. वाद झालाच तर आवाज चढवू नका, ११५५ फिरवा. हा थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर, इंग्रजी चालतं. बऱ्याचदा नंबर लावलेला दिसला की रक्कम खाली यायला लागते.

पैसे बदलण्याचं थोडक्यात. बालीला जाणाऱ्यांनी विशेष ऐका. गल्लीतल्या बोर्डावर सगळ्यात चांगला भाव दिसला की सावध. तिकडे रुपियाची रक्कम लाखांत जाते, तो छोट्या नोटांचे गठ्ठे करून मोजतो, आणि मोजता मोजता काही नोटा टेबलामागे पडतात. शेवटची मोजणी तुमची. ती झाल्यावर गठ्ठा परत त्याच्या हातात गेला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. कार्ड मशीनने रुपये की बाथ असं विचारलं तर बाथ निवडा; रुपयात भाव वाईट लावतात. टॅक्सी मीटरने किंवा ग्रॅबवरून. रस्त्यात कोणी पोलीस असल्याचं सांगून पाकीट तपासायला मागितलं, तर पाकीट हातात द्यायचं नाही, हॉटेलात किंवा चौकीत चला म्हणायचं.

निघण्याआधी घरी एक काम करा. कागदावर लिहा: हॉटेलचा पत्ता थाई लिपीत, भारतीय दूतावासाचा नंबर, आणि बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर, कारण १८०० वाले नंबर बाहेरून बऱ्याचदा लागत नाहीत. हा कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवू नका, मोबाइल गेला तर तोही जाईल. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. पासपोर्ट हरवलाच तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग ती घेऊन दूतावास. ते घरी परतण्यापुरता दाखला देतात.

आणि नको कसं म्हणायचं? थाईमध्ये "माय आव ख्राप". मुलगी असेल तर शेवटी "खा". हात जोडून, हसून म्हणा आणि चालणं थांबवू नका. चौघांनी ते एसटीतच पाठ करून टाका, मोखाड्याहून मुंबईपर्यंत वेळ भरपूर आहे.