जुन्या गाडीचे न दिसणारे वय

मीटरवरचा आकडा कमी असला की गाडी चांगली, असे सरसकट मानले जाते. पण टायरचे रबर, ब्रेक ऑइल आणि वायरिंगचे जोड किलोमीटर मोजत नाहीत. ते वर्षे मोजतात.

'सिंगल ओनर, कमी रनिंग, डॉक्टरांची गाडी.' जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत हे शब्द हमखास असतात, आणि घेणाऱ्याला त्यांचा मोहही पडतो. आठ वर्षांची गाडी केवळ पंचवीस हजार किलोमीटर चालली असेल, तर इंजिनाची झीज खरोखरच कमी झालेली असू शकते. मात्र अशी गाडी वर्षातले बरेच दिवस उन्हात, पावसात, सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहिलेली असते. लोखंड चालून झिजते, तर रबर, प्लास्टिक आणि तेल उभ्या उभ्या म्हातारे होतात. पहिली गाडी म्हणून जुनी कार घेणाऱ्या कुटुंबाच्या जिवाशी ज्या भागांचा थेट संबंध असतो, ते बहुतेक भाग याच दुसऱ्या गटात मोडतात.

टायर : नक्षी पुरेशी नाही

गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढीच. ब्रेक लागणे, वळणे, पावसात घसरू नये म्हणून धरून राहणे, सगळे या चार तळहातांवर अवलंबून असते. म्हणून टायर पाहताना आधी नक्षीची खोली पाहावी. कारच्या टायरसाठी ती किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. खोबणी पाणी बाहेर फेकते. ती उथळ झाली, की जोराच्या पावसात टायर आणि रस्ता यांच्यात पाण्याचा थर शिरतो आणि गाडी त्यावर अक्षरशः तरंगते.

कमी चाललेल्या गाडीची नक्षी मात्र छान दिसते, आणि फसगत होते ती इथेच. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांच्यामुळे रबराची लवचीकता हळूहळू जाते. हे थांबवण्यासाठी टायरच्या रबरात काही संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना दाबला जातो, सुटतो आणि ती द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या गाडीत हे घडत नाही, त्यामुळे बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांनंतर टायर बदलावा, असे अनेक वाहन उत्पादक सांगतात. दहा वर्षांपलीकडचा टायर कितीही नवा दिसला तरी वापरू नये. स्टेपनीचे आकडेही पाहावेत. ती एकदाही रस्त्याला लागलेली नसली तरी तिचे वय गाडीएवढेच असते.

हवा कमी असेल तर धोका वाढतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, त्यातून उष्णता तयार होते आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. शहरात चाळीसच्या वेगाने चालताना हे जाणवत नाही. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास वेग ठेवला, की तोच टायर फुटू शकतो. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेग म्हणजे दीडपट वेग, पण ऊर्जा सव्वादोन पट. हवा पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना तपासावी. किती हवा हवी, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो.

ब्रेक ऑइल पाणी पिते

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. चार माणसांसह गाडीचे वजन १,३०० किलो धरले, तर या उतारात जी ऊर्जा सुटते, तिच्यावर सुमारे वीस लिटर पाणी उकळेल. सगळा घाट ब्रेकवर उतरला, तर त्यातली बरीचशी उष्णता चाकांमधल्या ब्रेकवर येते.

पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचवते ते ब्रेक ऑइल. या द्रवाला हवेतली वाफ शोषून घेण्याची सवय असते. गाडी चालो वा उभी राहो, रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून ओलावा आत जातच असतो. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत तर विशेष. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकजवळ असे तेल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पॅडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

म्हणूनच जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून घ्यावे आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहावे. खर्च फार नसतो. घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हर मंडळींची शिकवण शास्त्रशुद्ध आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय मात्र सोडून द्यावी. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर टाकलेला असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंजिनाचा इंधनपुरवठा आपोआप तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. म्हणजे बचत नाही, आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो.

वास नसलेला वायू

जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याआधीचे पाइप गंजतात, त्यांचे जोड सैल होतात. तळाचा पत्राही सडलेला असेल, तर धूर मागे जाण्याऐवजी केबिनमध्ये येऊ शकतो. यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, सुस्ती ही सुरुवातीची लक्षणे 'गाडी लागली' किंवा 'प्रवासाचा थकवा' म्हणून सहज दुर्लक्षिली जातात.

कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडत नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही या साध्या उपकरणाला ऑक्सिजनयुक्त वाटते आणि ते ९७-९८ असा निर्धास्त आकडा दाखवते. गाडीत एकापेक्षा अधिक जणांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ होऊ लागली आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटू लागले, तर धुराचा संशय घ्यावा. इंजिन बंद करून सगळ्यांना बाहेर काढावे, आणि सुस्ती किंवा गोंधळलेपण असेल तर थेट रुग्णालय गाठावे. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे, तसेच उभ्या गाडीत एसी लावून झोपणे पूर्ण टाळावे.

गाडी घेण्यापूर्वी मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून सायलेन्सरचे जोड आणि तळ पाहून घ्यावा. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, हेही पाहावे.

पुरात भिजलेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरात असंख्य गाड्या बुडतात. त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकायला येतात. पाणी आटले तरी वायरिंगच्या जोडांत शिरलेली माती आणि ओलावा महिनोन्‌महिने गंज धरत राहतो. एअरबॅगच्या काही वायरी सीटखालून जातात, तिथला जोड गंजला तर ऐन धडकेच्या वेळी ती उघडणार नाही.

अशी गाडी ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढणे. गाडी धुणारा सहसा तेवढा बेल्ट ओढत नाही. चिखलाचा डाग आत तसाच राहतो. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती, गालिचाखालचा ओलावा, दिव्याच्या काचेतले धुके याही खुणा आहेत. काचा बंद करून एसी लावल्यावर कुबट वास आला, तर सावध व्हावे. केबिन फिल्टर आणि एसीच्या ओल्या भागावर वाढलेली बुरशी दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास देते. उग्र सुगंधाच्या बाटलीने तो वास फक्त झाकला जातो.

दिवे वाचता आले पाहिजेत

चावी फिरवली, की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो पेटतच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर अधिक वाईट, कारण बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. धडकेनंतर एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि एकदाच वापरता येते. अपघातानंतर खर्च वाचवण्यासाठी ती न बदलता नुसते झाकण चिकटवलेल्या गाड्याही असतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती नसूही शकते. बजेट जुळत असेल, तर मोठ्या टचस्क्रीनपेक्षा एअरबॅग आणि एबीएस असलेले मॉडेल निवडण्यात शहाणपण आहे.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच घ्यावी. आपण पोहोचण्याआधीच विक्रेत्याने गाडी तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर तोच संशय बळावतो. गरम इंजिनावर कूलंटचे झाकण कधीही उघडू नये. आतला दाबाखालचा द्रव उसळून गंभीर भाजते. कूलंटमधले एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. त्यामुळे उरलेला कॅन मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

मीटरचा आकडा फिरवलेला आहे का, हे ब्रेक पॅडलचे रबर, स्टेअरिंगची झीज आणि ड्रायव्हरची सीट सांगते. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे पॅडल गुळगुळीत होत नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींशी आकडा ताडून पाहावा.

कागद म्हणजेही सुरक्षा

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद, थकीत ई-चलन आणि विम्याची मुदत तपासावी. नावबदलाचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म एजंटच्या भरवशावर महिनोन्‌महिने सोडू नयेत. यात विकणाऱ्याचाही स्वार्थ आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तिऱ्हाइताला झालेल्या इजेचे संरक्षण गाडीबरोबर पुढे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई त्यावाचून अडते.

शेवटी हिशेबाची गोष्ट. सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घालू नयेत. ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा तरी बाजूला ठेवावा आणि त्यातून पहिल्या महिन्यात टायर, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट, वायपर आणि गरज असल्यास बॅटरी बदलावी. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर दोन्ही एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी. पुढच्या वेळी मेकॅनिकने 'अजून चालेल' म्हटले, तर मीटर पाहण्याआधी त्या वहीतली तारीख पाहावी.