‘हवा’ किती निघाली?

सोयाबीनच्या भावावरून होणारी भांडणं आपण रील्समध्ये बघतो. त्यातलं निम्मं भांडण दाण्यातल्या पाण्याचं असतं, आणि ते पाणी सांभाळायची जागा म्हणजे घरातली कोठी, पोत्यांची थप्पी आणि अंगणातली रास.

‘सध्या कॅफेंचं नुसतं पेव फुटलंय!’ असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. पण पेव पाहिलंय का कधी? जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. आत धान्य भरायचं, तोंड बंद करायचं, वरून माती लिंपायची. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच आहेत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. तो विझला तर आत ऑक्सिजन नाही, म्हणजे माणसानेही उतरायचं नाही. ही काळजी न घेतल्यामुळे पेवात गुदमरून माणसं गेलेली आहेत.

आता प्रश्न असा, की बंद खड्ड्यातला ऑक्सिजन संपवला कुणी? धान्याने. आणि त्यातल्या किड्यांनी.

आपण ज्याला ‘माल’ म्हणतो तो दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, सोबत थोडी ऊब आणि थोडं पाणी. दाणा कोरडा असेल तर हा श्वास इतका मंद चालतो, की जणू झोपलाय. ओला असेल तर तो धापा टाकतो. त्या उबेने आणि पाण्याने बुरशी जागी होते, बुरशीही श्वास घेते, रास आणखी तापते. पोत्यात हात घातल्यावर गरम लागतं ना, ते हेच.

म्हणजे धान्य ठेवायचे मार्ग दोनच. दाणा कोरडा असेल तर हवा पूर्ण तोडा, किडे आपोआप मरतात. पेवाचं तंत्र हेच आणि आजच्या हवाबंद पिशव्यांचंही हेच. दाण्यात जरा जरी ओल असेल, तर मात्र हवा खेळती ठेवा. घोळ होतो तो अधल्यामधल्या कारभारात. ओला माल घाईघाईत प्लॅस्टिकखाली झाकला, की त्याचा श्वासही सुटत नाही आणि घामही जात नाही.

आमच्या बॅचमधली एक मैत्रीण औसा तालुक्यातली आहे. तिच्या घरी सोयाबीनमधल्या ओलाव्याला ‘हवा’च म्हणतात. ऑक्टोबर संपत आला की तिचा घरी पहिला प्रश्न ठरलेला, ‘पप्पा, हवा किती निघाली?’ तिच्या दुसऱ्या सहामाहीची फी या उत्तरावर अवलंबून असते, असं ती हसत सांगते. पण ते खरंच आहे.

हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा आहे १२ टक्के. मशीनने १३ दाखवले की माल परत. २०२४च्या खरिपात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारातला भाव त्याच्या बराच खाली आणि परतीच्या पावसाने माल ओला. शेवटी नोव्हेंबरमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. चांगलंच झालं. पण कागदावर मर्यादा वाढली म्हणून कोठीतली बुरशी थोडीच थांबते?

हे १२ आलं कुठून? दाणा आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. तापमान २५ अंश आणि हवेतली आर्द्रता ७० टक्के असेल, तर सोयाबीन हळूहळू साडेबारा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. दाण्यांमधल्या पोकळीतली हवा याहून दमट झाली की बुरशीचं फावतं. गहू त्याच हवेत एखादा टक्का जास्त ओल धरूनही टिकतो, कारण सोयाबीनमध्ये तेल आहे आणि तेल पाणी धरत नाही. सगळं पाणी उरलेल्या भागात दाटतं. म्हणूनच शेंगदाणा तर आणखी कोरडा, सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळवावा लागतो.

थोडं गणित करू, कॅलक्युलेटर काढा. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो सुका ऐवज. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन उरतं ९६.६ किलो. ३.४ किलो ‘गायब’. २०२४च्या हमीभावाने ते क्विंटलमागे साधारण १६६ रुपये. शेतकरी म्हणतो, पाणी वाळवून मी माझंच वजन का घालवू? चूक नाही त्याची. पण व्यापारी १५ टक्क्यांचा माल घेताना नुसतं पाणी कापत नाही, पुढची जोखीमही कापतो. हा फरक त्या १६६ रुपयांपेक्षा किती जास्त बसतो, हे घरच्या पावतीवर एकदा बघाच.

बरं, माल वाळवला, पत्र्याच्या कोठीत भरला. संपलं? नाही. आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट इथेच आहे. डिसेंबरच्या रात्री कोठीचा पत्रा गार पडतो, मधलं धान्य मात्र उबदारच राहतं. मधली गरम हवा वर चढते, सोबत ओलावा घेऊन. वरच्या गार थराला भिडली की ओलावा तिथे बसतो. थंड बाटलीवर पाणी जमतं तसंच. बाहेरून थेंबभरही पाणी न जाता वरचा थर दमट होतो, चिकटतो, त्याला वास सुटतो. घरचे म्हणतात, ‘पत्रा गळतोय वाटतं.’ पत्रा नाही गळत!

उन्हात तापलेला माल तसाच कोठीत भरला तर हा खेळ आणखी जोरात होतो. आधी सावलीत पसरून गार करायचा, मग भरायचा. जुनी माणसं हे न सांगता करायची. शेण-मातीने लिंपलेली कणगीही पत्र्यासारखी पटकन तापत-निवत नसे.

अमेरिकेतल्या आयोवासारख्या राज्यात शेतावरच घराएवढ्या कोठ्या असतात. तळाला छिद्रांचा पत्रा आणि खाली मोठा पंखा. यूट्यूबवर बघून ‘आपणही पंखा लावू’ म्हणणारे भेटतात. लावा, पण धान्य नुसतं गार करायला जेवढी हवा लागते, त्याच्या साधारण दहापट हवा ते वाळवायला लागते. आणि पावसाळी रात्री पंखा लावला, तर तुम्ही बाहेरचा दमटपणा पैसे खर्चून आत ढकलताय. आपल्याकडच्या थप्पीला त्याहून साध्या गोष्टी पुरतात. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, कोरड्या दुपारी खिडक्या उघड्या, धुक्याच्या सकाळी बंद.

हे सगळं फक्त विकायच्या मालापुरतं नाही. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीच्या वेळी भिजलं. २०२०च्या जूनमध्ये राज्यभर बियाणं उगवलंच नाही म्हणून तक्रारी. ओला-गरम राहिलेला दाणा दिसायला ठीक असतो, पण आतला कोंब गेलेला असतो. घरचं बियाणं ठेवणार असाल, तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. सत्तर तरी उगवायला हवेत.

दिवाळीला गावी जाताय ना? घरी मॉइश्चर मशीन नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्या. पाव भाग सोयाबीन, दोन-तीन चमचे कोरडं मीठ. मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं म्हणजे १२ झाला असं नाही, हे लक्षात ठेवा. अजून दोन-तीन उन्हं लागू शकतात. आणि माल आधीच थप्पीत असेल, तर लोखंडी सळई मधोमध खुपसून थोडा वेळ तशीच राहू द्या. काढल्यावर हाताला गरम लागली, तर त्या दिवशीची क्रिकेटची मॅच रद्द. टोळीला बोलवा, थप्पी मोडा, माल ताडपत्रीवर पातळ पसरा. वास आलेली पोती आधी वेगळी काढा, चांगल्यात मिसळू नका.