पैनगंगेपलीकडची ठाणी

मागच्या व्याख्यानात आपण 29 नोव्हेंबर 1947 च्या ‘जैसे थे’ करारापाशी थांबलो होतो. भारत आणि निजाम यांच्यात कागदावर वर्षभराची शांतता झाली. आता तो कागद बाजूला ठेवू आणि नकाशा बघू. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्याचा भाग. उत्तरेला पैनगंगा, ती ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे भारत. कळमनुरीकडच्या माणसाचे सोयरे उमरखेड-पुसदला, आणि मध्ये सरहद्द! त्यातून पावसाळा सोडला तर ही नदी बऱ्याच ठिकाणी पायी उतरता येणारी.

पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, कृती समितीची धुरा दिगंबरराव बिंदूंकडे. कॅम्पवरचे तरुण रात्री नदी उतरून यायचे. पोलीस ठाणी, करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाचे जकात नाके, आणि रझाकारांची केंद्रं यांवर हल्ले करायचे.

आता प्रश्न असा, की ठाणं घेतलं तर राखलं का नाही? राखायचं नव्हतंच हो. मूठभर माणसं, तुटपुंजी हत्यारं. निजामाच्या फौजेपुढे दिवसाउजेडी टिकणार किती? पण खेड्यातल्या माणसाला सरकार दिसायचं ते हैदराबादेत नाही, नाक्यावर. वसुली तिथे, दप्तर तिथे, मारही तिथेच. ते दप्तर एका रात्रीत जळालं, तर दुसऱ्या रात्री त्या चौकीत निवांत झोपणार कोण? छोटी ठाणी उठून मोठ्या गावात गेली, की मधल्या गावांवरचा अंमल ढिला पडतो. गनिमी काव्यात ठाण्यापेक्षा हा ढिलेपणा मोलाचा.

त्याची किंमत मात्र नदीच्या अलीकडे वसूल व्हायची. हल्ला करणारे परत जात. गाव कुठे जाणार? भाकरी कुणी दिली, वाट कुणी दाखवली, याचा सूड गावावर निघे. घरदार टाकून वऱ्हाडात गेलेली कुटुंबं याच काळातली. हे वगळून नुसती शौर्यकथा सांगणं आम्हाला पटत नाही.

हल्लेखोरांतलेही सगळे परतले नाहीत. वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगावच्या लढाईत पडले. आजेगाव आज सेनगाव तालुक्यात, वाशीम जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. वसमतचं ‘बहिर्जी स्मारक’ महाविद्यालय त्यांच्याच नावाचं.

दिल्लीची अडचण वेगळीच. निजाम म्हणे, तुमच्या हद्दीतून हल्ले होतात. भारत म्हणे, तुमचे रझाकार आमच्या गावांत घुसतात. दोन्ही तक्रारींत तथ्य होतं. अखेर 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज संस्थानात शिरली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते पाहायला सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. पुढच्या व्याख्यानात तिथूनच सुरुवात करू.